बंदुकीला सोबत

आमच्या घरात बंदूक आली ती आम्हां बायकांच्या रक्षणासाठी. हे माझं म्हणणं नाही, माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामंजी म्हणत असे. नाशकाच्या कोर्टात ते वकील होते आणि एखादी गोष्ट तीन वेळा सांगितली की ती शाबीत झाली, असं धरून चालायची त्यांना सवय होती. घरात बायका दोन, सासूबाई आणि मी. आमचं रक्षण करा असं आम्ही कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. पण रक्षण ही विचारून करायची गोष्ट नसावी.

निमित्त झालं सिंहस्थाचं. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी सिंहस्थ आला आणि गाव माणसांनी फुलून गेलं. आमचं गाव बाराही महिने परगावच्या यात्रेकरूंवर जगतं, पण ते फार मोठ्या संख्येनं आले की त्याच गावाला त्यांची भीती वाटायला लागते. "कोण कुठले, काय ठाऊक," असं जो तो म्हणू लागला. जो म्हणे त्याच्या माडीवर त्यांतलेच दहा जण उतरलेले असत. अशात आमच्या आळीत चार घरं सोडून एकाच्या परसातला पाणी तापवायचा बंब चोरीला गेला. बंब जुना होता, त्याची एक कडी तुटलेली होती, पण गेल्यावर त्याची किंमत फार वाढली. आठ दिवस आळीत दुसरा विषय नव्हता. "आज बंब गेला, उद्या माणसं जातील," असं मामंजी म्हणाले आणि त्यांच्या मनानं बंदुकीचं घेतलं.

बंदूक घ्यावी की घेऊ नये यावर आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी वाद चाले. वाद घालायला समोरच्या घरातले हेडमास्तर येत. ते पेन्शनीत निघालेले होते, खादी वापरत आणि बोलता बोलता टकळीवर सूत काढत. घरात शस्त्र असू नये असं त्यांचं ठाम मत होतं.

"अहो वकील, हाताशी बंदूक असली म्हणजे माणूस आधी बार काढतो आणि मग विचारतो, कोण आहे म्हणून."

"मग तुमच्या दाराला हे एवढं थोरलं कुलूप कशाला हो? चोराचं मतपरिवर्तन करायला?"

"कुलूप कुणाचा जीव घेत नाही."

"आणि वाचवतही नाही."

हे असं दिवेलागणीपर्यंत चाले. मी माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत सगळं ऐकत असे. दोघांचंही मला पटे. म्हणजे ज्या वेळी जो बोलत असेल त्याचं. वाद दोन पुरुषांचा होता आणि दोघांनीही जन्मात कधी बंदूक हातात धरलेली नव्हती, त्यामुळे दोघंही अगदी मोकळेपणानं बोलू शकत.

या वादात खरं म्हणजे एक तिसरा माणूसही होता, पण त्याला कोणी ओटीवर बोलावत नसे. आमच्या आळीला पेठ तालुक्याकडचा एक म्हातारा कोळी राखणदार होता. काठी आपटत तो फेऱ्या घाली, आणि घरटी भाकरी आणि सणासुदीला धान्य घेई. बंदुकीची बातमी कानावर आल्यावर तो एका सकाळी ओटीखाली येऊन उभा राहिला आणि मामंजींना म्हणाला, "सायेब, बंदूक काय रातचं उठून बघनार हाय का? मी उठून बघतो." वकिलाला उत्तर सुचलं नाही की तो समोरच्याला भाकरी द्यायला सांगतो. मी आतून भाकरी आणून दिली.

परवाना मिळायला वर्ष लागलं. त्या काळात बंदूक मागणारा माणूस दिसला की सरकारला पहिला संशय त्याचाच येई. चौकशीला जमादार येणार असं कळलं तेव्हा मामंजींनी हेडमास्तरांना अंगणात गाठून, चौकशी आटपेपर्यंत ओटीवर येऊ नका अशी विनंती केली. खादीचा माणूस ओटीवर दिसला तर परवाना बुडायचा. हेडमास्तर हसले आणि कबूल झाले. मग दोन महिने दोघंही समोरासमोर आपापल्या ओटीवर तोंड पाडून बसत. मला दोघांचीही कीव येई.

जमादार आला तो नेमका हेडमास्तरांकडेच विचारायला गेला, हे वकील कसे आहेत म्हणून. हेडमास्तर खरं बोलणारे. ते म्हणाले, "तीस वर्षं ओळखतो मी यांना. यांच्या हातून झुरळसुद्धा मरायचं नाही." या साक्षीवर परवाना मंजूर झाला. ज्याच्या हातून काही होणार नाही अशी सरकारची खात्री पटे त्यालाच सरकार बंदूक देई, हे मला तेव्हा कळलं. मामंजींनी मात्र हेडमास्तरांना ते झुरळ कधी माफ केलं नाही.

बंदूक मुंबईहून आली तोवर सिंहस्थ केव्हाच सरला होता. साधू आपापल्या मठांत परत गेले होते, आणि तो बंबही सापडला होता. मालकाच्या मेहुण्यानंच तो कल्हईला नेला होता. पण बंदूक आली होती खरी. दुनळी, काळ्या तुकतुकीत दस्त्याची, चामडी पट्ट्याची. बरोबर बारा काडतुसं.

सासूबाईंनी एवढा वेळ या प्रकरणात चकार शब्द काढलेला नव्हता. बंदूक दारात आल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "मारायचं त्याला मारा मेलं, पण ते चामडं माझ्या माजघरात येता कामा नये." झालं. म्हणजे बंदूक आतल्या खोलीत ठेवायची नाही हे ठरलं. ती दिवाणखान्यात खुंटीवर टांगली गेली, खिडकीसमोर, म्हणजे आळीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. मामंजी म्हणाले, तेच बरं, चोरांनाही दिसेल. खंडेनवमीला तिचा पट्टा सोडून ठेवत, तिला पाटावर ठेवत आणि हळदकुंकू वाहत. मग वर्षभर तिच्या नळीत अक्षता सापडत.

दर रविवारी सकाळी मामंजी ती ओटीवर घेऊन बसत. खालची कळ दाबून नळी आणि दस्ता वेगळे करत, नळीतून आभाळाकडे बघत, चिंधीनं तेल लावत आणि पुन्हा जोडत. बघायला आळी जमे. बंदूक मात्र त्यांनी कधी उडवली नाही. काडतुसं बाराच होती आणि बाराच राहिली.

एकदा मी धीर करून विचारलं, "मामंजी, तुम्ही कोर्टात असताना दुपारचा चोर आला तर?"

त्यांना प्रश्न आवडला. त्यांनी मला समोर उभं करून सगळा कायदा समजावून सांगितला. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. दुसऱ्या कोणी बंदुकीला हात लावला तर तो गुन्हा.

"मग आम्ही काय करायचं?"

"ओरडायचं," मामंजी म्हणाले.

ही सोय आम्हांला बंदुकीच्या आधीही होती, पण मी तसं बोलले नाही.

आता वकिलांकडे बंदूक आहे म्हटल्यावर आळीनं राखणदाराला सोडलं. कोणी त्याला जा असं म्हणालं नाही. एकेका घरची भाकरी मिळेनाशी झाली. एक दिवस तो सगळ्यांचा निरोप घ्यायला आला. लासलगावला एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या वखारीवर त्याला काम लागलं होतं. मला म्हणाला, "माय, कांदा बरा. कांद्याला भ्या नाय वाटत." मला वाईट वाटलं. ज्याची काठी मी रोज ऐकत असे त्याच्या जागी आता भिंतीवर एक गप्प वस्तू होती.

आणि मग हळूहळू उमगलं की बंदूक आमची राखण करत नव्हती, आम्ही तिची करत होतो.

ते असं झालं. बंदूक चोरीला गेली आणि त्या बंदुकीनं उद्या कुठं कोणाचा जीव गेला, तर जबाबदार कोण? मामंजी. परवाना जाणार, वर चौकशी, आणि वकिलीच्या सनदेवर काय बेतेल सांगता येत नाही. हे भय खोटं नव्हतं. म्हणून घरात नियम झाला, घर एकटं सोडायचं नाही. आम्ही पूर्वी सगळे मिळून त्र्यंबकला जात असू, गंगेवर कीर्तनाला जात असू. आता कोणीतरी एक मागं राही. विचारलं की सांगायचं, बंदुकीला सोबत. बहुतेक वेळा ती सोबत म्हणजे मी. घरची सून ही अशा कामाला पहिली आठवते.

बाहेरगावी जाताना बंदूक पोलीस चौकीत ठेवायची मुभा होती. मामंजींनी एकदा ते करूनही पाहिलं. तेव्हा चौकीतला जमादार, तोच चौकशीला आलेला, सगळ्यांसमोर म्हणाला, "वकीलसाहेब, चोराच्या भीतीनं बंदूक घेतली, आता बंदूक चोराच्या भीतीनं आमच्याकडे. मग घ्यायची कशाला?" ही गोष्ट दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बाररूममध्ये पोचली. त्यानंतर मामंजींनी चौकीचं नाव काढलं नाही.

माझं माहेर देवळ्याचं. वडिलांची तिथं थोडी शेती होती, बहुतेक कांद्याची. आम्ही मुलं त्यांना अण्णा म्हणायचो. मला अक्षर त्यांनी शिकवलं, पोहायला त्यांनी शिकवलं, आणि लग्नात निरोप देताना सगळे रडत असताना "पत्र लिही, आणि शुद्ध लिही," असं म्हणून मला हसवलंही त्यांनीच. एका वर्षी चैत्रात ते तापानं आडवे झाले. आधी साधा ताप वाटला, मग विषमज्वर निघाला. भावाची पत्रं येत. तिसरा आठवडा कठीण असतो असं डॉक्टर म्हणाले होते.

नेमकं त्याच दिवसांत सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या. आमचे 'हे' इगतपुरीला रेल्वेत कारकून होते, ते रविवारीच घरी येत. आणि मामंजींना हायकोर्टाच्या एका कामासाठी मुंबईला जावं लागलं. जाताना म्हणाले, "तीन दिवसांत येतो. रात्री हेडमास्तरीणबाई सोबतीला निजतील. आणि घरात बंदूक आहे, तेव्हा भ्यायचं कारण नाही. तिला एकटं सोडू नकोस मात्र."

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचं कार्ड आलं. चार ओळी होत्या. ताप उतरत नाही. वात होऊन बरळतात. मधूनमधून शुद्ध येते तेव्हा तुझं नाव घेतात. निघून ये.

मी कार्ड हातात घेऊन दिवाणखान्यात उभी राहिले आणि समोर ती खुंटीवर. त्या वेळी मला जो संताप आला तसा नंतर कधी आला नाही. माझा बाप तिकडे माझं नाव घेत होता आणि मी इकडे लोखंडाच्या दोन नळ्यांना सोबत करत होते. ह्यांना कळवावं तर उत्तर काय येणार ते मला पाठ होतं, रविवारपर्यंत थांब. मामंजींची वाट पाहावी तर अजून दोन दिवस.

मी समोर हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, दोन दिवस तेवढी बंदूक तुमच्या घरात ठेवा. ते कार्ड वाचून खरोखर हळहळले. "मुली, तू जा. अगदी जा. मी तुमच्या दारात काठी घेऊन बसतो हवं तर. पण शस्त्र माझ्या घरात नको. चाळीस वर्षांचं व्रत आहे." बसतो म्हणाले ते मनापासून, पण जेवण झालं की ते कुठंही बसले तरी दहा मिनिटांत घोरू लागत, हे आळीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. त्यांची अहिंसा दोन दिवस एक बंदूक सांभाळू शकली नाही आणि मामंजींची बंदूक दोन दिवस स्वतःला सांभाळू शकत नव्हती. दोघांचा वाद मला त्या दिवशी कायमचा समजला.

मग मी जे केलं ते लोकांनी पुढं फार धाडसाचं मानलं. ते धाडस नव्हतं, आज्ञाधारकपणा होता. तिला एकटं सोडू नकोस असं सांगितलं होतं. मी सोडली नाही. बरोबर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रविवारी बघून ठेवल्याप्रमाणे कळ दाबली. नळी आणि दस्ता वेगळे झाले. दोन्ही लुगड्यांत गुंडाळले, पट्टा त्यातच घातला, वर सतरंजी लावून वळकटी बांधली. काडतुसं फराळाच्या डब्यात, चिवड्याखाली. मामंजींच्या मेजावर चिठ्ठी लिहून ठेवली: अण्णा अत्यवस्थ आहेत, मी देवळ्याला जाते, बंदूक नीट आहे, काळजी नसावी. शुद्ध लिहिली. घराला कुलूप लावलं. दुसरी किल्ली मामंजींजवळ होतीच. हेडमास्तर मला मोटारीपर्यंत पोचवायला आले आणि वळकटी त्यांनीच उचलून टपावर देऊ केली. मी नको म्हटलं. "जड आहे ग," ते म्हणाले. मी म्हटलं, "गादी कापसाची आहे, आमच्याकडचा कापूस जड." चाळीस वर्षांचं व्रत असं माझ्या हातून मोटारस्टँडवर मोडलं, हे त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

सर्व्हिस मोटार चांदवडच्या नाक्यावर थांबली तेव्हा नाक्यावरचा शिपाई सामान बघायला आत चढला. त्यानं माझ्या पायांशी उभी ठेवलेली वळकटी बघितली आणि हातातली छडी पुढं केली. परवाना नसताना बंदूक नेणं म्हणजे काय, हे मामंजींनी मला स्वतः समोर उभं करून शिकवलं होतं. मी म्हटलं, "सोवळ्याचं आहे त्यात. शिवू नका."

तो चटकन मागं सरला. "तसं सांगा ना, बाई," म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला. भरल्या मोटारीत, दहा जणांच्या पायांत कसलं आलंय सोवळं, हे त्याला सुचलं नाही. मलाही ते उतरल्यावर सुचलं. ज्या चामड्याला सासूबाईंनी माजघरात येऊ दिलं नाही ते सोवळ्याच्या नावावर घाट उतरून गेलं.

मी येईन म्हणून भावानं धाडलेला आमचा जुना गडी देवळ्याला मोटारीवर आला होता. त्यानं वळकटी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "ताई, हाई भलतं जड शे!" मी म्हटलं, चल गुपचूप. घरी पोचल्यावर ती मी कांद्याच्या खोलीत पोत्यांमागं ठेवली, दार ओढून घेतलं, आणि अण्णांकडे गेले.

एवढा मोठा माणूस चादरीखाली दिसेनासा झाला होता. दुपार कलली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. पहिला प्रश्न, कुठल्याही बापानं विचारावा तसा, "सोबत कोण आहे?"

मी खरं ते सांगितलं. "मामंजींची बंदूक."

त्यांना वाटलं आपल्याला वात झालाय. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्यांना कळलं की हे खरं आहे. ते हसले. आवाज नव्हता, पोट हललं नुसतं. "मग भीती नाही," म्हणाले. आई पलीकडून म्हणाली, किती दिवसांनी हसले हो. मी त्यांना चमच्यानं पेज पाजली, ती त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशीही ते बराच वेळ शुद्धीवर होते आणि मला सांगत होते, विहिरीच्या बाजूचा कांदा आधी काढा म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्या दिवशी अजून न्यायची तयारी चालली होती तेवढ्यात दारात मामंजी उभे राहिले. अंगावर प्रवासाचे कपडे, डोळे लाल. आईला गहिवरून आलं. व्याही वेळेला धावून आले, अशी माणसं कुठं मिळतात, असं ती नंतर कितीतरी वर्षं सांगत होती. मामंजींनी कोट काढून ठेवला, पंचा नेसले आणि तिरडीला खांदा दिला. त्यात काही कमी केलं नाही. परत आल्यावर ओल्या अंगानं ते माजघराच्या दाराशी आले. मी तिथं भिंतीला टेकून बसले होते.

"बरी आहेस ना?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

मग आवाज खाली आणून, "आणि ती?"

"कांद्याच्या खोलीत. पोत्यांमागं. कोरडी आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन ते परत गेले. आता ती परवानेवाल्याच्याच हातात होती, म्हणजे सगळं कायद्यात बसत होतं. मला त्यांनी तेराव्यापर्यंत राहू दिलं, आणि परत आल्यावर एका शब्दानं बोलले नाहीत. उलट ओटीवर लोकांना सांगत, आमची सून धीराची. हेडमास्तर म्हणत, हे शस्त्राचं यश नव्हे, मुलीचं. मामंजी म्हणत, शस्त्र नसतं तर मुलीला यश कशात आलं असतं? वाद पुन्हा सुरू झाला होता.

मला त्या वादाशी काही कर्तव्य उरलं नव्हतं. मी एक गोष्ट मनात जपून ठेवली होती. मामंजींनी माझी विचारपूस आधी केली होती, बंदुकीची नंतर. तोंडानं कधी माया न दाखवणाऱ्या माणसाच्या त्या दोन प्रश्नांचा क्रम मी फार वर्षं उराशी धरला. रागाच्या दिवसांत तो आठवून मी शांत होत असे. सासरी आपलंही कोणी आहे, असं त्यामुळं वाटे.

मामंजी गेले त्यानंतर परवाना संपला आणि बंदूक सरकारजमा करायची आली. तिचे कागद शोधायला मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. दर सालच्या नूतनीकरणाच्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या होत्या. त्यांच्या खाली घडी घातलेला एक अर्ज होता, फौजदारांच्या नावे, मामंजींच्या अक्षरात. त्यावर तारीख होती ती ते मुंबईहून परत आले त्या दिवसाची. तो वाचताना मला कळलं की त्या दिवशी ते घरात शिरले, त्यांनी रिकामी खुंटी पाहिली, मेजावरची चिठ्ठी पाहिली नाही, आणि तिथंच बसून चोरीची फिर्याद लिहून ते थेट चौकीत गेले. हेडमास्तरांची गाठ त्यांना नंतर पडली असणार, आणि चिठ्ठीही त्यानंतरच सापडली असणार. जमादार भला माणूस, त्यानं कागद दप्तरी न लावता परत केला होता.

फिर्याद उत्तम लिहिली होती. कुलूप शाबूत, कड्या शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. चोरीस गेलेला माल: दुनळी बंदूक एक, तिचा नंबर, बनावट, नळीची लांबी इंचांत, दस्त्यावरच्या एका ओरखड्याचं वर्णन, चामडी पट्टा एक, काडतुसे बारा. खाली सही. सहीखाली, निराळ्या शाईत, घाईनं लिहिलेली एक ओळ होती.

'ता. क. सूनही घरात नाही.'

शाई निराळी म्हणजे ती चौकीतली असणार. घरात कोण होतं, असं जमादारानं विचारलं असेल, आणि तेव्हा आठवण झाली असेल. पुढं देवळ्यापर्यंत मोटारीत चांगले चार तास मिळतात. तेवढ्या वेळात मामंजींनी प्रश्नांचा क्रम लावून घेतला असावा, वकीलच ते. मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. फार आला. पण ज्यांच्यावर काढायचा ते भिंतीवर तसबिरीत हार घालून बसले होते, आणि शेजारच्या खुंटीवरून बंदूक काढून न्यायला शिपाई दारात उभा होता.